वादीचा जोड

चौक, तालुका खालापूर
गुरुवार, ता. ६ डिसेंबर १९४५

प्रिय झाकीरभाईस,

झोहराचा सलाम आणि अम्माची दुआ. इकडे सगळे बरे आहोत. तूही पाण्यावर असशील तिथं बरा असावास, एवढंच अल्लाजवळ मागणं.

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमननं ते गवताच्या प्रेसवरच आणून दिलं. मी अब्बांचा डबा घेऊन गेले होते. तिथंच गंजीच्या आडोशाला उभी राहून एकदा वाचलं, मग घरी अम्माला आणि अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू बोटीच्या इंजिनरूममध्ये तेलवाला झालास हे ऐकल्यावर अम्मानं उठून शेजारी गूळ वाटला. तेलवाला म्हणजे नेमकं काय ते तिला कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, पोराला तेलाच्या खात्यात घेतलंय.

यंदा गवत चांगलं आहे. कर्जतकडून, वरच्या माळांवरून गाड्या येतात त्या संपतच नाहीत. लढाई संपली, पलटणीच्या घोड्यांचा चारा बंद झाला, तेव्हा आम्हाला वाटलं आता प्रेसही बंद. पण मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लढाईशी काय देणंघेणं! आबाजीशेठ म्हणतात, चैतापर्यंत उसंत नाही. इंजिन तेच, गवताचे गठ्ठे दाबणारा प्रेस तोच. इंजिनाच्या चाकावरून प्रेसच्या चाकावर जाणारा चामड्याचा लांब पट्टा मात्र नवा घेतलाय. नवा पट्टा नव्या सुनेसारखा, पहिले आठ दिवस कसा वागेल सांगता येत नाही. तो ताणतो, सैल पडतो, मग कापून पुन्हा जोडावा लागतो. जोडाची टोकं गुण्या लावून काटकोनात कापायची. आरीनं भोकं पाडायची ती एका ओळीत नाही, आडवीतिडवी, म्हणजे चामडं एकाच रेषेत फाटत नाही. चामड्याची बारीक वादी ओवताना चाकाला लागणाऱ्या बाजूनं टाके सरळ, फुल्या सगळ्या बाहेरच्या बाजूनं. असा जोड चाकावरून जाताना आवाजसुद्धा करत नाही. अब्बांचं काम म्हणजे काय विचारतोस!

तू लिहिलंस ते वाचून मला फार आनंद झाला. बोटीवर पंप उघडण्याआधी तू वाफेच्या झडपेचं चाकच काढून स्वतःजवळ ठेवतोस, आणि मोठ्या साहेबानं विचारलं, ही शिस्त कुठं शिकलास? तू उत्तर दिलं नाहीस म्हणे. भाई, उत्तर तुलाही ठाऊक आहे. पट्ट्याला हात लावणाऱ्याच्याच कमरेला इंजिन सुरू करायचं हँडल, दुसऱ्या कोणाकडे नाही, हे अब्बांनी आपल्याला नमाजेच्या आधी शिकवलं.

पत्राच्या शेवटी तू एक वाक्य लिहिलं आहेस, अब्बांनी स्वतः बोलावल्याशिवाय चौकात पाय ठेवणार नाही. वाचताना तिथं आल्यावर मला खोकला आला. अम्मा पाणी आणायला उठली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

अब्बांना लिहायला सवड नाही. रागावू नकोस. तब्येतीला जप.

तुझी बहीण
झोहरा

*

चौक
रविवार, ता. २० जानेवारी १९४६

प्रिय झाकीरभाईस, सलाम.

तू लहानपणापासून असाच, एक धागा दिसला की सगळं उसवायचं. तुझे दोन प्रश्न. पहिला, अब्बांना छान वाचता येतं, मग पत्र तू कशाला वाचून दाखवतेस? त्याचं उत्तर असं की अब्बांचा चष्मा फुटला आहे.

दुसरा, वादी कशी ओवायची हे डबा घेऊन जाणाऱ्या मुलीला इतकं कसं ठाऊक? आता लपवत नाही. गेली दोन वर्षं पट्टा मी बघते. जोड मी करते. अब्बा शेजारी बसून सांगतात.

अब्बांच्या हाताला हल्ली कंप आहे. भोकं वाकडी पडायला लागली होती. एके दिवशी आरी त्यांच्याच तळहातात घुसली, तेव्हा मी ती काढून घेतली आणि परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "बांगड्या उतरव, पदर खोच, केस बांध. आणि आधी नुसती बघ. आठ दिवस हात लावायचा नाय."

मी आठ दिवस बघितलं. भाई, आपण त्या प्रेसच्या अंगणात वाढलो, पण अब्बा काय करतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इंजिनाचं तेल तोडल्यावर माणसाला वाटतं, झालं, थांबलं. अब्बा तेवढ्यावर विश्वास ठेवत नाहीत. चाकावर खडूची रेघ मारलेली असते. ती रेघ एका जागी उभी राहिली की मग दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. मग हँडल कमरेला. मग प्रेसवरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन हाक, आणि त्यानं ओ दिल्याशिवाय पुढचं काम नाही. मग पट्टा उतरवून कोरड्या फडक्यानं पुसायचा, दोन्ही कडा बोटांनी चाचपायच्या, कुठं भेग, कुठं चामड्याचे तंतू सुटलेत, कुठं वादी झिजली. चामडं कोरडं वाटलं तर एरंडेल आणि चरबी, तीही बोटभर. तीस वर्षं रोज, एक दिवस न चुकता. लोक म्हणतात, महंमद मिस्त्री भित्रा आहे. इतकी वर्षं रोज तेवढंच काळजीनं करायला किती धीर लागतो, ते मला आठ दिवसांत कळलं.

आबाजीशेठना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कळलं ते असं.

मागच्या मंगळवारी पट्टा घसरायला लागला. दोन लॉऱ्या भरायच्या राहिल्या होत्या. हिरामण मुकादम मूठभर राळ घेऊन आला आणि चालत्या पट्ट्यावर टाकायला हात पुढे केला. राळेनं पट्टा घडीभर चिकटतो हे खरं, पण मग ती चामडं खाते आणि हात जवळ गेला तर चिकट पट्टा हातही ओढतो. मी जाऊन इंजिनाचं तेल तोडलं.

"काय केलंस गं?" हिरामण ओरडला. "गाड्या उभ्या हायत!"

"पट्टा सैल आहे. कापून जोडावा लागेल. दोन तास."

"दोन तास? तू कोन सांगनारी? मिस्त्री कुठं हाय?"

मी चाकावरच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिले. रेघ उभी राहिली, पाचर मारली, हँडल कमरेला खोचलं आणि नावं घ्यायला लागले. चंद्राबाईला तू ओळखतोस, प्रेसच्या तोंडात गवत भरणारी. तिनं पहिली ओ दिली. बाकीच्यांनी तिच्यामागून दिली. हिरामणनं दिली नाही. मग मी पट्ट्याला हात न लावता खाली बसले. तो बघतोय, मी बसलेय. शेवटी चंद्राबाईच म्हणाली, "आरं मुकादमा, ओ दे की! तुजं नाव घेतलं म्हंजी तुला जित्ता धरलाय तिनं."

माणसं हसली आणि हिरामणनं ओ दिली.

तेवढ्यात आबाजीशेठ आले. माझ्या हातात आरी, कमरेला हँडल. त्यांनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. शेठ म्हणाले, "महंमद, हे किती दिवस चाललंय?"

"दोन वरसं, शेठ."

"मला सांगितलं का नाही?"

अब्बा म्हणाले, "शेठ, आदी पट्टा बगा. दोन वरसांत किती वेळा तुटला, आठवून बगा. मंग हात कोनाचा ते इचारा."

शेठ पट्ट्याजवळ वाकले. जोडावरून अंगठा फिरवला, उलटून पाहिला. मग हिरामणला म्हणाले, "गाड्या उद्या सकाळी भरा." जाता जाता मला म्हणाले, "ती राळ फेकून दे. माझ्या प्रेसवर पुन्हा दिसायला नको."

दुसऱ्या दिवसापासून शेठ मला मिस्तरीणबाई म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण कामाचं विचारायचं असलं की माझ्याकडेच येतात. अब्बा त्या रात्री जेवले आणि म्हणाले, "तुजी एक वादी उलट्या बाजूनं गेलीय. उद्या काढ." एवढंच बक्षीस. मला ते पुरलं.

थंडीनं अम्माला खोकला झाला होता, तो आता कमी आहे.

झोहरा

*

चौक
रविवार, ता. १० फेब्रुवारी १९४६

भाई,

सलाम. तुझं पत्र आलं. अब्बांच्या हाताच्या कंपासाठी तू तेलाची बाटली पाठवलीस, ती लोणावळ्याला जाणाऱ्या लॉरीवाल्यानं नीट पोचवली. ती तशीच फळीवर आहे. अब्बांच्या हाताला कंप नाही. मी खोटं लिहिलं.

चष्माही फुटलेला नाही. तो अम्मानं ट्रंकेत ठेवला आहे, कारण आता त्याचा उपयोग नाही. अब्बांना दिसत नाही. उजवीकडे कोणी उभं राहिलं तर सावलीसारखं कळतं. बाकी काही नाही.

हे मी तुला कधी सांगायचं नाही, असं अब्बांनी मला कुराणावर हात ठेवून वचन द्यायला लावलं होतं. आज मी ते मोडते आहे. त्याचा हिशेब माझा आणि अल्लाचा, तू त्यात पडू नकोस. तू फक्त पुढचं वाच, आणि बसून वाच.

तू लिहिलंस, चौदा मजुरांदेखत त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, पंचवीस वर्षांचा झालो तरी तो गाल अजून गरम आहे. तो दिवस मलाही आठवतो. मी अंगणात गवत पसरत होते. पट्टा उतरला होता. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला वेळ जातो, म्हणून तू काठी घेऊन चालत्या चाकावर पट्टा चढवायला गेलास. जोडाला तेव्हा वादी नव्हती, लोखंडी चापे होते. पट्टा चाकावर अर्धा चढला, हिसका बसला आणि जोड सुटला. एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू जमिनीवर पडला होतास. तुला वाटलं, अब्बांनी रागानं ओढून पाडलं.

त्यांनी तुला कॉलर धरून बाजूला फेकलं. सुटलेलं टोक तू उभा होतास तिथंच आलं. तिथं आता ते होते. टोक त्यांच्या डाव्या डोळ्यावर लागलं.

रक्त आलं नाही. त्यांनी एका हातानं डोळा झाकला आणि दुसऱ्या हातानं तुला उठवून मारलं. ते तुला मारत होते तेव्हा रडत होते, हे चंद्राबाईनं पाहिलं आणि मी पाहिलं. तू नाही पाहिलंस. तू उठलास आणि पनवेलच्या रस्त्याला लागलास. संध्याकाळपर्यंत डोळा नुसता लाल होता. सकाळी सुजून मिटला. महिन्याभरात त्याची नजर गेली. दुसऱ्या डोळ्यावर आता तीन वर्षांत मोतीबिंदू धरला आहे.

तू घर सोडलंस हे कळल्यावर अम्मा त्यांच्यावर खूप बोलली. मीही बोलले. त्यांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं, "डोळ्याचं पोराला कळता कामा नये. त्याला जल्माचं वझं होईल. त्याला राग असू दे. रागानं मानूस चालतं. वझ्यानं बसतं." भाई, चार वर्षं ते तुझा राग अंगावर घेऊन बसले आहेत, आणि तुझी पत्रं ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मी तुला लिहू शकत नाही. बोटीवरच्या झडपेची गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

ते तुला बोलावत नाहीत ते रागामुळे नाही. तू आलास तर डोळे बघशील म्हणून.

मी आत्ताच का सांगते आहे? पनवेलचे डॉक्टर म्हणाले, उजवा मोतीबिंदू पिकला आहे, मुंबईला मोठ्या इस्पितळात काढला तर या डोळ्यानं पुन्हा दिसेल, पण फार दिवस ताणू नका. अब्बा जायला तयार नाहीत. मुंबईला गेलं तर तू उतरतोस त्या डोंगरीच्या खोलीवरच उतरावं लागेल आणि तुला कळेल, म्हणून. आंधळं मरायला तयार आहेत, पण तुला कळायला नको.

तुझी सुटी मार्चमध्ये आहे असं तू लिहिलं होतंस. तुला बोलावणं हवं होतं. मी बोलावते. येऊन त्यांना घेऊन जा. मला क्षमा कर किंवा करू नकोस, पण ये.

झोहरा

*

चौक
गुरुवार, ता. २८ मार्च १९४६

अब्बा,

सलाम. हे पत्र झाकीरभाई तुम्हाला वाचून दाखवील. त्यानं मध्येच आवाज उतरवला तर समजा की काहीतरी गाळलं आहे. त्याला ते पुन्हा वाचायला लावा.

भाईचं कार्ड आलं. ऑपरेशन झालं, पट्टी सोमवारी सुटायची, तोवर डोकं हलवायचं नाही, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आहेत, असं लिहिलं आहे. तुम्ही नर्सला तीन वेळा विचारलंत म्हणे, पिशव्या नीट बांधल्यात का, गाठ कुठली मारली. तिला त्रास देऊ नका.

अम्मा बरी आहे. भाई आला त्या दिवसाची गोष्ट ती अजून दारात येईल त्याला सांगते. मी तेव्हा प्रेसवर पट्ट्याच्या कामात होते, म्हणून मला ती ऐकूनच माहीत. भाई आत आला. तुम्ही "कोन?" म्हणालात. तो नुसता तुमच्यासमोर बसला आणि त्यानं तुमच्या हातात हात दिला. तुम्ही त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवलात. वाफेच्या नळ्यांनी भाजल्याचे डाग तुमच्या बोटांना लागले. आणि चार वर्षांनंतरचं तुमचं पहिलं वाक्य, "बाह्या खाली घेऊन काम करायला काय झालं रं?" भाई हसायला लागला आणि हसता हसता तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. अम्मा हे सांगताना दर वेळी रडते. शेजारच्या विमलबाईला तर आता पाठ झालं आहे, तीच पुढचं वाक्य सांगते.

इकडचं काम ठीक आहे. तुम्ही गेल्यावर पट्टा एकदा ताणला. जोड मी एकटीनं केला, शेजारी सांगायला कोणी नव्हतं. पहिली भोकं पाडताना तुम्ही बसता त्या भिंतीकडे दोनदा बघितलं. मग बघायचं सोडलं. आठ दिवस झाले, टिकला आहे. हिरामण मुकादमानं परवा स्वतःच विचारलं, पट्टा कधी उतरवायचा? आणि मी नाव घ्यायच्या आधीच ओ दिली. त्याला सांगितलं, नाव घेतल्यावर द्यायची.

शेठनी इंजिनाभोवती कठडा घालून घेतला, तुम्ही वीस वर्षं मागत होतात तो. बाहेरून मी आत हात घालून बघितलं, पट्ट्यापर्यंत पोचत नाही. बरोबर घातलाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

लॉरीत बसताना तुम्ही अम्माशी बोललात, चंद्राबाईशी बोललात, शेठना नमस्कार केलात. मी तुमचा हात धरून तुम्हाला चढवलं आणि तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. भाई येऊन आठ दिवस राहिला, त्यातही बोलला नाहीत. मी वचन मोडलं ते तुम्हाला लागलं आहे. लागायलाच हवं. तुम्ही एवढी वर्षं एक गोष्ट सांभाळलीत, आणि ती मी चार ओळींत लिहून पोस्टात टाकली.

मी तुमच्याकडून पट्टा शिकले, जोड शिकले. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलं नाही, घाईतसुद्धा नाही. हे एकच मोडलं. तुम्ही म्हणाला होतात, वझ्यानं माणूस बसतं. पण भाई बसला नाही, अब्बा. तो उठून आला. तुम्ही सगळ्या यंत्रांना ओळखता, त्याला मात्र कमी ओळखलंत.

मी तुमच्यापेक्षा शहाणी आहे असं मला म्हणायचं नाही. तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही आणि पाहीन असं वाटत नाही. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन, हे तुम्हाला ठाऊक असावं. खोटी क्षमा मागून तुमच्या हाती वाकडा जोड देणं मला जमणार नाही.

सोमवारी पट्टी सुटली की आधी भाईचा चेहरा बघा. तो चार वर्षांत बराच बदलला आहे, दाढी ठेवली आहे, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्याच्याशी सगळं बोलून घ्या. माझ्यावरचा राग तोवर तसाच ठेवा, मला घाई नाही. चौकाला याल तेव्हा समोर बसवून हवं तितकं बोला.

तुमचं सगळं ऐकलेली, आणि एक न ऐकलेली,
तुमची मुलगी
झोहरा